एकाच घरांतील दोन बाळपणें

महाडपासून सुमारें पंधरा मैलांवर, रायगडाच्या पायथ्याशीं, पाचाड नांवाचें गांव आहे. गांवांत एका जुन्या वाड्याचे पडके तट आहेत. आंत एक विहीर आहे, आणि वाड्यापासून थोड्या अंतरावर जिजाबाईंची समाधि आहे. गडावरची थंड हवा आणि वारा मातोश्रींना म्हातारपणीं सोसवेना, म्हणून शिवाजीमहाराजांनीं त्यांच्यासाठीं हा वाडा खालीं बांधविला, असें सांगतात. विहिरीच्या कांठीं टेकून बसण्यासाठीं दगडी तक्क्या केलेला आहे. त्यावरून तिला तक्क्याची विहीर म्हणतात. गड पाहावयास निघालेला प्रवासी पाचाडास फारसा रेंगाळत नाहीं. त्याचें लक्ष वरच्या सिंहासनाच्या जागेकडे लागलेलें असतें. परंतु ज्याला राज्याबरोबर त्या घराचाहि इतिहास समजून घ्यावयाचा आहे, त्यानें येथें घटकाभर थांबावें. सतराव्या शतकांत त्या घरानें दोन मुलगे वाढविले. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे होते आणि घरांतील वडील माणसांना उसंत अशी कधींच नव्हती. हे दोन स्वभाव एका छपराखालीं नांदविणें किती अवघड आहे, हें त्या घराला फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें.

थोरले संभाजीराजे १४ मे १६५७ रोजीं पुरंदर किल्ल्यावर जन्मले. पुढें सव्वादोन वर्षांनीं, सप्टेंबर १६५९ मध्यें, त्यांच्या मातोश्री सईबाई राजगडावर वारल्या. अफझलखान त्या वेळीं मराठी मुलखांत उतरला होता. पत्नीच्या मृत्यूनंतर सुमारें दोन महिन्यांनींच महाराजांना प्रतापगडाखालीं त्या खानाची गांठ घ्यावी लागली. आईवेगळ्या मुलाला मांडीवर घेऊन बसावयास बापाला सवड कोठली? कापूरहोळच्या धाराऊनें मुलाला दूध पाजलें आणि आजीनें त्याला वाढविलें. 

आठव्या वर्षीं या मुलाच्या वांट्यास राजकारण आलें. जून १६६५ मध्यें पुरंदरचा तह झाला, तेव्हां त्याची हमी म्हणून संभाजीराजांना मिर्झा राजे जयसिंगाच्या छावणींत राहावें लागलें. दुसऱ्या वर्षीं ते वडिलांबरोबर आग्र्यास गेले. १२ मे १६६६ रोजीं दरबारांत महाराजांचा अपमान झाला आणि त्यांनीं पुन्हां दरबारांत पाऊल टाकलें नाहीं. परंतु नऊ वर्षांचा मुलगा मात्र रामसिंगाबरोबर दरबारास जात राहिला. ज्यानें बापाला नजरकैदेंत ठेवलें, त्याच्यापुढें जाऊन मुजरा करावयाचा, त्यानें दिलेलीं वस्त्रें व अलंकार हंसतमुखानें घ्यावयाचे, आणि परत येऊन बापाच्या डेऱ्याभोंवतीं चौकीपहारे पाहावयाचे, असा त्या मुलाचा दिनक्रम होता. ऑगस्टांत महाराज आग्र्याहून निसटले. वाटेंत त्यांनीं मुलाला मथुरेस मोरोपंत पिंगळ्यांच्या आप्तांकडे ठेविलें. मुलगा बरोबर असता तर दोघेहि ओळखले गेले असते. तो मागाहून सुखरूप राजगडास पोंचला खरा. पण नऊ वर्षांच्या पोरानें परमुलखांत, परक्या घरीं, बापाच्या वाटेकडे डोळे लावून काढलेले ते दिवस त्याच्या मनांतून पुसले गेले असतील, असें कोण म्हणेल? वर्षभरानें तहाच्या अटीप्रमाणें त्याला पुन्हां औरंगाबादेस शाहजाद्याच्या भेटीस जावें लागलें. अशा बाळपणांतून जो तरुण घडला तो धीट होता, बुद्धिमान होता आणि तापटहि होता. त्यानें संस्कृतांत 'बुधभूषण' नांवाचा ग्रंथ रचला. रणांत त्याला मागें राहणें माहीत नव्हतें. आणि वयानें वडील कारभाऱ्यांपुढें मान तुकविणें त्याला जड जाई.

धाकटे राजाराम २४ फेब्रुवारी १६७० रोजीं राजगडावर सोयराबाईंच्या पोटीं जन्मले. दोघां भावांत जवळजवळ तेरा वर्षांचें अंतर. त्याच महिन्याच्या चौथ्या तारखेस तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले होते. तानाजींचें उमरठ गांव पोलादपूरच्या डोंगरांत आहे आणि त्यांची समाधि तेथेंच आहे. मुलाच्या लग्नाची तयारी टाकून ते मोहिमेवर गेले, ही कथा महाराष्ट्रांत लहान मुलांनाहि ठाऊक आहे. त्या काळच्या घरांतून लग्नें, बारशीं आणि लढाया एकमेकांच्या अंगावरच येत. ज्या राजगडानें तानाजींचें सुतक धरलें, त्याच गडावर तीन आठवड्यांनीं पाळणा बांधला गेला.

राजाराम पालथे उपजले. पुष्कळांना हा अपशकुन वाटला. पण महाराजांनीं त्याचा उलटा अर्थ केला. हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असें ते म्हणाले, अशी हकीकत सभासदानें आपल्या बखरींत दिली आहे. ही बखर पुढें राजारामांच्याच आज्ञेवरून जिंजी येथें लिहिली गेली. तेव्हां तिच्यांत धाकट्या धन्याची थोरवी थोडी अधिक असणें स्वाभाविक आहे. तरीहि त्या गोष्टींतील बापाचें शहाणपण घेण्यासारखें आहे. मुलाच्या अंगीं जें निराळेंपण दिसलें, त्याला महाराजांनीं खोड म्हटलें नाहीं.

पुढें राजधानी रायगडास आली. राजारामांचें लहानपण तेथें तटबंदीच्या आंत, आईच्या नजरेखालीं, दासदासींच्या राबत्यांत गेलें. त्यांना कोणी ओलीस ठेविलें नाहीं, परमुलखांत सोडलें नाहीं. स्वभाव शांत झाला, दुसऱ्याचें ऐकून घेण्याकडे कल झाला. आतां या दोघांना एकाच बापाचे मुलगे म्हणावयाचें, एकाच घरांत वाढलेले म्हणावयाचें. पण थोरल्यानें पाहिलेला बाप हा जिवावर उदार होऊन डाव मांडणारा, आज जिंकलेला गड उद्यां तहांत देणारा, पाठीवर सदैव शत्रु असलेला माणूस होता. धाकट्यानें पाहिलेला बाप छत्रसिंहासनाचा धनी होता. घर एक असलें तरी बाळपणें दोन होतीं. घरोघरीं थोडेंबहुत असेंच असतें. पहिलें मूल आईबापांच्या ओढाताणीच्या दिवसांत वाढतें, दुसरें त्यांना थोडी स्वस्थता आल्यावर. आणि मग दोघांना शेजारीं उभें करून, हा असा आणि तो तसा कां, असें मोठीं माणसें विचारतात.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला. सिंहासनापाशीं सोयराबाई पट्टराणी म्हणून बसल्या आणि संभाजीराजे युवराज म्हणून बसले. म्हणजे राणीपद एका मुलाच्या आईला आणि वारसा दुसऱ्या मुलाला. त्या दिवशीं हें कोणाच्या ध्यानांत आलें नसेल. पण घरांतल्या पुढच्या सगळ्या कलहाचें बीज त्या मांडणींत होतें. घरांत एकच व्यक्ति अशी होती कीं, जिला ही गांठ सोडवितां आली असती. ती पाचाडास होती. आणि राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशीं, १७ जून १६७४ रोजीं, ती निवर्तली. जिजाबाईंनीं थोरल्या नातवाला आईच्या मायेनें वाढविलें होतें, आणि धाकटा नातूहि त्यांच्या डोळ्यांदेखत चालूं-बोलूं लागला होता. त्यांच्या शब्दापुढें राण्या गप्प बसत, कारभारी वांकत, आणि स्वतः महाराजहि आज्ञा शिरसावंद्य मानीत. त्या गेल्या, आणि दोन्ही मुलांना सारखेंच 'आपलें' वाटावें असें घरांत कोणी उरलें नाहीं. सोयराबाई एकाची आई होत्या. कारभाऱ्यांतले पुष्कळजण युवराजाच्या धारेला भ्यालेले होते. महाराज दोघांचेहि होते. पण महाराज घरीं कोठें होते?

ऑक्टोबर १६७६ मध्यें महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर निघाले ते १६७८ मध्यें परतले. त्या वेळीं राजाराम सहा वर्षांचे होते. संभाजीराजांना रायगडावर ठेवावें तर कारभारीमंडळाशीं त्यांचें पटेना. म्हणून त्यांना शृंगारपुरास, त्यांच्या सासुरवाडीच्या मुलखांत, ठेवण्यांत आलें. घरांत दोघांचें पटत नाहीं तेव्हां एकाला दूर पाठवावें, हा उपाय त्या दिवसापुरता सोयीचा असतो. पण दूर पाठविलेल्या मुलाला त्याचा अर्थ निराळा लागतो. ओलीस राहणें, मागें ठेविलें जाणें, हें संभाजीराजांनीं लहानपणीं पुष्कळ भोगलें होतें. विसाव्या वर्षीं तेंच पुन्हां वांट्यास आलें. आणि या वेळीं त्याला शत्रूचें कारणहि नव्हतें. वडील दक्षिणेंतून परत आल्यावरहि मनें मोकळीं झालीं नाहींत. डिसेंबर १६७८ मध्यें सज्जनगडाहून निघून संभाजीराजे मोगलांच्या दिलेरखानास मिळाले.

हा अपराध लहान नव्हता, आणि तो झांकण्याचें कारण नाहीं. १६७९ च्या एप्रिलांत दिलेरखानानें भूपाळगड घेतला आणि हातीं लागलेल्या सातशें लोकांचा एकेक हात तोडविला. आपण कोणाच्या पंक्तीस येऊन बसलों, हें संभाजीराजांना तेथें उमगलें. त्या वर्षाच्या अखेरीस ते खानाच्या छावणींतून निसटून पन्हाळ्यास परत आले. महाराज त्यांना भेटावयास स्वतः पन्हाळ्यास गेले. त्या भेटीची हकीकत सभासदानें लिहिली आहे. महाराजांनीं राज्याचे दोन भाग करण्याचें बोलून दाखविलें. तुंगभद्रेपलीकडचा कर्नाटकाचा मुलूख संभाजीराजांना आणि अलीकडचें राज्य राजारामांना. त्यावर संभाजीराजे म्हणाले कीं, आपल्याला वांटणी नको, दूधभात खाऊन वडिलांच्या पायांपाशीं राहूं. बावीस वर्षांच्या, रण गाजविलेल्या पुरुषाच्या तोंडीं दूधभाताची भाषा यावी, हें मनाला लागतें. दूधभात हें लहान मुलाचें जेवण. जें बाळपण त्याला मिळालें नव्हतें, तेंच जणूं त्या क्षणीं त्यानें मागितलें. महाराजांनीं मुलाला शिक्षा केली नाहीं, वाईटहि बोलले नाहींत. परंतु त्यांच्या मनांत आलेला उपाय वांटणीचा होता, आणि मुलाची भूक वांटणीची नव्हती. कर्त्या माणसाचें पुष्कळदां असेंच होतें. मुलाला काय द्यावें याचा हिशोब तो करतो. त्याला आपण स्वतः हवे आहोंत हें त्याच्या हिशोबांत येत नाहीं.

पुढचें घाईघाईनें घडलें. मार्च १६८० मध्यें रायगडावर राजारामांची मुंज झाली आणि लगेच प्रतापराव गुजरांच्या मुलीशीं त्यांचें लग्न लागलें. थोरला भाऊ त्या मांडवांत नव्हता. तो पन्हाळ्यावरच होता. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज रायगडावर कैलासवासी झाले. संभाजीराजांना ही बातमी कळूं नये अशी खटपट झाली, आणि एप्रिलांतच दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसविण्यांत आलें. दहा वर्षांच्या मुलाला राज्याची हांव ती काय असणार? मोठ्या माणसांनीं आपापले हेतु त्या दोन भावांच्या नांवावर मांडले. एकाचा तापटपणा पुढें करून दुसऱ्याच्या गरीब स्वभावाचा आडोसा घेतला गेला. स्वभावांतील फरक देवानें दिला होता. त्या फरकाचे दोन पक्ष मात्र माणसांनीं केले.

अशा वेळीं सेनापति हंबीरराव मोहिते पुढें आले. ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे सख्खे मामा. बहिणीचा पक्ष घेणें त्यांना सोपें होतें. पण त्यांनीं संभाजीराजांचा हक्क मानला आणि कट मोडला. जूनमध्यें संभाजीराजे रायगडावर आले. पुढें दुसऱ्यांदा कट झाला. तेव्हां १६८१ सालीं अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी इत्यादि कारभाऱ्यांना देहांत शिक्षा झाली, आणि सोयराबाईंचाहि अंत त्याच वर्षीं झाला. ही त्या घराची सर्वांत काळी घडी होय. पण ज्याच्या नांवानें दोन कट रचले गेले, त्या धाकट्या भावाच्या केसालाहि संभाजीराजांनीं धक्का लावला नाहीं. त्यांच्याच कारकीर्दींत हंबीररावांची मुलगी ताराबाई राजारामांना दिली गेली. त्या काळाच्या मानानें ही गोष्ट लहान नव्हती. औरंगजेबानें आपला भाऊ दारा याला १६५९ मध्यें व मुराद याला १६६१ मध्यें मारविलें होतें. त्याचा मुलगा अकबर १६८१ सालीं बापाविरुद्ध उठून याच मुलखांत, पालीजवळ, संभाजीराजांच्या आश्रयास येऊन राहिला. आणि दुसरा मुलगा मुअज्जम १६८७ पासून बापाच्या कैदेंत पडला. दिल्लीच्या घरांत मुलांना बाप दिसे तो भीतीच्या पडद्यांतून. रायगडच्या घरांत भांडण झालें, रक्तहि सांडलें. पण भावाच्या हातून भाऊ मेला नाहीं.

एकदां मुलाच्या अंगाला चिकटविलेलें नांव किती काळ टिकतें, याचेंहि हें घर उदाहरण आहे. मल्हार रामराव चिटणीस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बखर लिहिली. ते देहांत शिक्षा झालेल्या बाळाजी आवजींच्या वंशांतले होते. त्यांच्या लेखणींतून संभाजीराजे दुर्वर्तनी व अविचारी असे उतरले, आणि नाटककारांनीं व कादंबरीकारांनीं तेंच चित्र अधिक रंगविलें. वा. सी. बेंद्रे यांचें चरित्र १९६० मध्यें आणि कमल गोखले यांचें १९७१ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां कोठें अस्सल कागदपत्रांच्या आधारें ती समजूत बदलूं लागली. म्हणजे 'हा वाईट' हें नांव पुसावयास शेंदीडशें वर्षें लागलीं. 'हा दुबळा' हें नांव राजारामांना चिकटलें, तें तर अजून पुरतें निघालेलें नाहीं.

खरी कसोटी १६८९ मध्यें आली. १ फेब्रुवारी रोजीं संगमेश्वरास संभाजीराजे मोगलांच्या हातीं पडले आणि ११ मार्च रोजीं त्यांचा वध झाला. ज्या ताठ मानेची घरांत सर्वांना भीति वाटे, ती मान मरणापुढेंहि लवली नाहीं. इकडे रायगडाला वेढा पडत होता. गडावर येसूबाई होत्या, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शाहू होता आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम होते. आपल्या मुलाला गादीवर बसवा, असें येसूबाईंनीं म्हटलें असतें तर त्यांना कोण दोष देता? पूर्वीं याच गडावर एका आईनें तेंच केलें होतें. येसूबाईंनीं दिराला पुढें केलें. सर्वांनीं एका ठिकाणीं अडकून पडूं नये. राजारामांनीं गड सोडावा, आपण मुलासह गड झुंजवूं, असें त्यांनीं ठरविलें. ५ एप्रिल १६८९ रोजीं राजाराम रायगडाहून बाहेर पडले आणि पोलादपूरच्या माथ्यावरील प्रतापगडास पोंचले. तेथून पन्हाळा आणि पुढें वेषांतर करून जिंजी. त्या बिकट प्रवासांत त्यांच्याबरोबर खंडो बल्लाळ होते, देहांत शिक्षा झालेल्या बाळाजी आवजींचे चिरंजीव. नोव्हेंबरांत रायगड पडला. येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेंत गेले. जिजाबाईंच्या मृत्यूनें पंधरा वर्षें रिकामी पडलेली जागा त्या दिवशीं भरून निघाली; दोन्ही बाजूंचें असलेलें माणूस घराला पुन्हां लाभलें होतें.

आणि मग दुबळा म्हटलेल्या स्वभावाचें मोल दिसून आलें. जिंजीच्या वेढ्यांत आठ वर्षें काढावयाची होतीं. राजधानी गेलेली, खजिना नाहीं, प्रत्येक सरदाराचा तोरा निराळा. अशा वेळीं ज्याला दुसऱ्याचें ऐकतां येतें, आपला मोठेपणा बाजूस ठेवतां येतो, त्याचेंच काम होतें. राजारामांनीं इकडे महाराष्ट्रांत रामचंद्रपंत अमात्यांना मोकळा हात दिला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांना आपापल्या धाटणीनें लढूं दिलें. मार्च १७०० मध्यें, अवघ्या तिसाव्या वर्षीं, ते सिंहगडावर वारले. सात वर्षांनीं औरंगजेब दक्षिणेंतच मेला. पण राज्य उभें होतें. थोरल्याच्या तेजानें नऊ वर्षें शत्रूला थोपविलें, धाकट्याच्या सबुरीनें पुढची अकरा वर्षें राज्य जगविलें. दोघांना एकाच मापानें मोजणारांनीं यांतलें एक तरी फुकट घालविलेंच असतें.

आजच्या शहरांतल्या घरांना गड नाहींत, सिंहासनें नाहींत; पण उसंत तीहि नाहीं. आईबाप दोघेहि सकाळीं बाहेर पडतात आणि दिवेलागणीला थकून परत येतात. तेवढ्या वेळांत जें मूल दंगा करतें त्याला बोलणीं मिळतात, जें गप्प बसतें त्याच्याकडे दुर्लक्ष होतें, आणि 'त्याच्याकडे बघ, तो कसा वागतो' हें वाक्य सहज तोंडांतून निघून जातें. त्या वाक्यानें मूल सुधारलेलें क्वचितच दिसतें. भाऊ मात्र भावाला परका होतो. थोरल्याला दूर करून धाकट्याला जवळ घेण्यानें, किंवा दोघांना सारखे वांटे देण्यानें, हा परकेपणा जात नाहीं. घरांत एक माणूस असें लागतें कीं, ज्याच्यापाशीं कोणतेंहि मूल दुसऱ्याची वकिली केल्याचा संशय न धरतां जाऊं शकेल. तें आई असो, बाप असो, आजी असो, वहिनी असो. पण तें घरांत असलें पाहिजे, आणि त्याला थोडी सवड असली पाहिजे.

येसूबाई १७१९ मध्यें, सुमारें तीस वर्षांच्या कैदेनंतर, दक्षिणेस परत आल्या. तोंवर शिवाजीमहाराजांच्या दोन्ही मुलांना जाऊन कितीतरी वर्षें लोटलीं होतीं. पाचाडच्या समाधीपाशीं उभें राहिलें म्हणजे वर रायगड दिसतो. इतकें मोठें राज्य उभारणाऱ्या पुरुषालाहि जें साधलें नाहीं, तें या घरांतील दोन स्त्रियांना साधलें होतें. कारण त्यांनीं मुलांच्या स्वभावांत निवड केली नाहीं.